आधी माझं वाचून होऊ दे

आमच्या घरात पेपर वाचायला रांग होती. पेपरवाला सकाळी पेपर दुकानाच्या शटरखाली सरकवून जायचा आणि तो उचलायचा मान सासऱ्यांचा. तळमजल्यावर आमचं सिमेंट-सळईचं दुकान, वर आमचं बिऱ्हाड. सासरे दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचे, अंगठा जिभेला लावून पानं उलटायचे आणि पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचून काढायचे. त्यांच्यानंतर नवरा. नवऱ्यानंतर दुकानात टेकलेली गिऱ्हाइकं, टेम्पोवाले, समोरचा पंक्चरवाला. मध्येच कुणी पेपरकडे हात नेला की दुसरा कुणीतरी विचारायचाच, "बाबांचं झालं का?" बाबा म्हणजे सासरे. मीही त्यांना बाबाच म्हणायचे.

पेपर माझ्या हाती यायचा तेव्हा दुपारची जेवणं उरकलेली असायची. पानांचे कोपरे थुंकीने ओले होऊन वाळलेले, मधल्या पानावर चहाच्या कपाचा गोल आणि शब्दकोडं भरलेलं. ते बाबा पेनाने भरायचे आणि चुकीचं भरायचे. चार चौकोनांत पाच अक्षरं कोंबायची त्यांच्याइतकी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. रविवारची पुरवणी तर वर येतच नसे. ती दुकानात खिळे बांधून द्यायला गेलेली असायची.

मला याचा भयंकर राग यायचा. हे लपवून ठेवण्यासारखं आहे असं मला कधी वाटलं नाही. पण आमच्या घरी एखाद्या बाईने पेपरवरून भांडावं हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं. भांडायला इतर विषय पुष्कळ होते, आणि ते सगळ्यांना मान्य होते.

माझं माहेर उरणकडचं गव्हाण गाव. तिथे पेपर येतच नसे, तरी वाचायचं वेड मला तिथेच लागलं. आई उरणच्या बाजारातून सुकी मासळी आणायची, ती जुन्या पेपरात बांधलेली. सुकट डब्यात गेली की कागद माझा. वास यायचा, पण अक्षरं छान दिसायची. गोष्ट मात्र कधी पूर्ण मिळायची नाही. कुणाचं तरी लग्न मोडायला यायचं आणि नेमका तिथे कागद फाटलेला असायचा. एखादा माणूस दार ठोठावायचा, आणि दार कुणी उघडलं ते बोंबलाच्या दुसऱ्या पुडक्यावर राहिलेलं असायचं, जे शेजारच्या घरी गेलेलं. असे कितीतरी शेवट मी लहानपणी मनानेच लावले. म्हणून मोठेपणी मला दोनच गोष्टी हव्या होत्या. वाचायला घेतलेलं शेवटपर्यंत मिळावं, आणि या घरात ते माझ्याआधी कुणी चघळलेलं नसावं. मी फार मागत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी धीर करून मी बाबांना विचारलं, माझ्यासाठी वेगळा पेपर लावू का. ते दुकानासमोर बसले होते. ते रागावले असते तर परवडलं असतं, पण ते हसले.

"एका घरात दोन पेपर? वाचनालय काढाचं हाय काय?"

गिऱ्हाइकंही हसली. नवरा वजनकाट्याकडे बघत उभा राहिला, जणू काट्यावर काही लिहिलेलं होतं. मी जिना चढून वर आले आणि भांडी अशी घासली की शेजारीण खिडकीतून विचारायला लागली, काय झालं.

मग दोन हजार सालानंतरची ती वर्षं आली, जेव्हा पनवेलात ज्याच्या त्याच्या घरी कॉम्प्युटर यायला लागला. मुलगी खारघरला इंजिनीअरिंगला गेली आणि दुकानातला जुना कॉम्प्युटर तिच्यासाठी वर आला. टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड आलं. दिवसा मुलगी कॉलेजात, नवरा नि बाबा खाली. दुपारभर ते यंत्र रिकामं, आणि माझ्या हाताला काम नाही. मी त्यावर झाकलेलं प्लास्टिक काढलं. मुलीकडून मराठी कसं टाइप करायचं ते शिकून घेतलं. सुरुवातीला निम्म्या पानांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोनच दिसायचे. मुलीने काहीतरी खटपट करून तेही नीट केलं.

तेव्हा मराठीत ब्लॉगांचं पेव फुटलं होतं. कोण अमेरिकेत बसून वरणफळांची आठवण काढत होतं, कोण नागपुरात बसून शेजाऱ्यांची उणीदुणी. कुणी किल्ल्यांवर चढायचं, कुणी नुसत्या कविता पाडायचं. मला सगळ्यात आवडायचे ते रत्नागिरीकडचे एक निवृत्त मास्तर. ते फक्त एका फणसाबद्दल लिहायचे. फणसाचा बुंधा शेजाऱ्याच्या जमिनीत आणि फांद्या, फळांसकट, मास्तरांच्या अंगणात. शेजाऱ्याला कुंपणाची भिंत घालायची होती, म्हणून झाड तोडायचं होतं. मास्तर तोडू देईनात. एवढाच विषय, पण माणूस इतकं मिश्कील लिहायचा की मी एकटीच खोलीत हसत बसायचे. अडचण अशी की ते लहर आली की लिहायचे. कधी आठवड्यात दोनदा, कधी पुरा पावसाळा गप्प.

मी रोज दुपारी एकेक ब्लॉग उघडून बघायचे, नवं काही आलंय का. बहुतेक ठिकाणी नसायचंच. मुलीने एकदा हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आई, तू काय दारोदार फिरतेस? ही नारिंगी खूण दिसते ना? याला फीड म्हणतात. त्याचा पत्ता इथे टाकून ठेव. त्यांनी नवं लिहिलं की ते आपोआप तुझ्याकडे येईल."

"मला न विचारता?"

"अगं, तूच सांगून ठेवलंस ना, यांचं मला पाठवा म्हणून. तू नाही सांगितलंस त्यांचं नाही येणार."

हे वाक्य मला फार आवडलं. असं वाक्य या घरात मला कुणी आधी ऐकवलं नव्हतं.

त्या सोयीला रीडर म्हणायचे. डावीकडे ब्लॉगांची नावं ओळीने. ज्याने नवं लिहिलं त्याचं नाव ठळक व्हायचं. ठळक म्हणजे न वाचलेलं. आपण वाचलं की अक्षर पुन्हा बारीक. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपून मी बसले तर पाच-सहा नावं ठळक होऊन बसलेली. मी किती वेळ नुसती बघतच राहिले. जगात शेकडो लोकांनी ते आधी वाचलं असेल, मला त्याचं काही नव्हतं. या घरात त्याला कुणाचा अंगठा लागला नव्हता. कुणाचं झालं का, हे मला कुणाला विचारायचं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उठून स्वतःसाठी वेगळा चहा टाकला.

मग मी फीड जमवायचा सपाटाच लावला. आवडलेल्या प्रत्येक ठिकाणी ती नारिंगी खूण शोधायची. काही लोक चिक्कू होते. त्यांच्या फीडमधून चारच ओळी यायच्या आणि खाली लिहिलेलं, पुढे वाचा. मला सुकटीचा कागद आठवायचा आणि डोकं सणकायचं. अशा एकीला मी मराठीत टाइप करून कळवलंही, की बाई, वाढायचं तर पूर्ण ताट वाढा. तिने खरंच पूर्ण पाठवायला सुरुवात केली. मी त्या दिवशी शेजारणीला ते दोनदा सांगितलं. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण माझं तोंड बघून तिलाही बरं वाटलं.

काही नावं वर्षभर ठळक व्हायची नाहीत. मुलगी म्हणायची, काढून टाक, मेलेले ब्लॉग आहेत. मी काढले नाहीत. गप्प बसलेला माणूस मेलेला असतो असं कुणी सांगितलं? मीही या घरात बरीच वर्षं गप्प होते.

एका दिवाळीत मात्र भडका उडाला. आमच्या दुकानाचा एक रिवाज आहे. लक्ष्मीपूजनाच्या आधी काही लटकत ठेवायचं नाही. राहिलेली डिलिव्हरी, अर्धवट ऑर्डर, कुणाला द्यायचं उत्तर, सगळं निकाली काढायचं आणि मगच पूजा मांडायची. बाबांचा तसा दंडकच होता आणि नवऱ्याच्या तो अंगात मुरलेला. त्या वर्षी दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून नवरा वर येऊन आमच्या यंत्रावर बसला. मी स्वयंपाकघरात करंज्या करत होते. दिवाळीच्या धबडग्यात मला कित्येक दिवस वाचायला बसताच आलं नव्हतं. सगळी ठळक नावं मी भाऊबीजेनंतरच्या निवांत दुपारींसाठी राखून ठेवली होती. मास्तरांचंही नाव त्यात होतं.

काम संपवून नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला, अगदी खुशीत.

"अगं, तुझं केवढं पेंडिंग पडलं होतं. शेकड्यांनी आकडा दिसत होता. म्हटलं दिवाळीच्या आत मोकळं करून टाकू. एक बटन आहे, दाबलं की सगळं वाचलेलं होतं."

मी लाटणं खाली ठेवलं, खोलीत जाऊन पाहिलं. एकही नाव ठळक नव्हतं. वाचलेलं आणि न वाचलेलं सगळं एकसारखं बारीक. कुठवर वाचलं होतं, काय राहिलं होतं, काही कळायला मार्ग नाही. त्याने मदत म्हणून केलं होतं हे मला समजत होतं. त्यामुळे राग कमी झाला नाही, उलट वाढला. पेपरच्या बाबतीत निदान बाबा वाचायचे तरी. याने तर एक अक्षर न वाचता सगळं वाचून टाकलं होतं, माझ्या नावाने.

मी परत आले आणि गॅस बंद केला.

"झालं काय?" नवऱ्याने विचारलं.

"करंज्या."

"पण सारण तर अजून एवढं..."

"पेंडिंग राहू दे."

त्या दिवाळीत आमच्याकडे करंज्या झाल्या त्या परातीतल्या तेवढ्याच. आल्यागेल्याला चिवडा दिला. कुणी विचारलं तर मी खरं कारण सांगायचे, तोंडावर. पाहुण्यांना काही अर्थबोध व्हायचा नाही. नवरा मध्येच विषय बदलायला फटाक्यांचं काहीतरी बोलायचा. बाबांना करंज्या जीव की प्राण. ते डब्यात डोकावून म्हणाले, "येवड्याश्या यंत्रापायी घरात करंजी नाय?"

"बाबा, तुमी पेपर हातात घ्यायच्या आदी कुनी त्यावर पानी ओतलं तर?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. पेपरचा विषय काढून मी पहिल्यांदाच त्यांच्याशी आवाज चढवून बोलले होते. मग डबा बंद करून गेले.

भाऊबीज झाल्यावर मी मुलीकडून पासवर्ड घालायला शिकले. आमच्या घरात कपाटांनाही कुलूप नव्हतं. नवऱ्याने विचारलं, पासवर्ड काय आहे. मी म्हटलं, सांगणार नाही. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. मी गंमत करत नव्हते. मग एकेक ब्लॉग उघडून, जिथवर आठवत होतं तिथून पुढे, सगळं वाचून काढलं. थंडी संपेपर्यंत पुरलं मला ते.

पुढची काही वर्षं माझ्या दुपारी माझ्या होत्या. मुलगी पुण्याला नोकरीला गेली. कॉम्प्युटर बदलला, पडदा मोठा आला. आणि मग एका दिवशी रीडर उघडला तर वरच एक सूचना. ही सेवा बंद होत आहे. अमुक मुदतीपर्यंत आपलं सामान घेऊन जा, अशा अर्थाचं काहीतरी. मी मुलीला फोन लावला.

"आई, आता ते कोणी वापरतच नाही गं. सगळे सोशल साइटवर गेलेत. तुझे ते ब्लॉगवालेही तिथेच असतील. पप्पांना सांग, खातं काढून देतील."

नवऱ्याला ही आयती संधी मिळाली. करंज्यांचं त्याच्या मनात होतंच, आणि खरं सांगायचं तर त्याला मला खूश करायचं होतं. त्याने माझ्यासाठी खातं काढलं, माझा लग्नातला फोटो लावला, आणि म्हणाला, "बघ, सगळं एका ठिकाणी."

मी पंधरवडाभर प्रामाणिकपणे बघितलं. एका ठिकाणी होतं खरं. माझ्या मावसभावाच्या मेव्हण्याचा साखरपुडा, गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं सुप्रभात, कुणाच्या तरी गाडीची पूजा. आज दिसलेलं उद्या सापडायचं नाही. कालचं आज वर यायचं. मास्तरांनी तिथेही पान काढलं होतं, पण त्यांचं लिहिलेलं माझ्यापर्यंत यायचं ते दहा-वीस लोकांनी अंगठा उमटवल्यानंतर, तेही आलं तर. अंगठा! मी तो निळा अंगठा पाहिला आणि मला थुंकी लावलेले पेपरचे कोपरे दिसले. म्हणजे पुन्हा तेच. आधी बाकीच्यांनी हाताळायचं, मग उरलंसुरलं वर यायचं. फरक एवढाच की खालच्या मजल्यावर रांग कोण लावतं ते मला ठाऊक होतं. इथे रांग लावणारा सासरा दिसतही नव्हता.

"मला नको हे," मी नवऱ्याला सांगितलं.

"अगं, सगळं जग हेच वापरतं."

"वापरू दे की. मी कुठे अडवलंय जगाला?"

माझ्या रीडरमधले सगळे पत्ते एका फाईलमध्ये उतरवून घेता येतात आणि ती फाईल दुसऱ्या रीडरमध्ये चढवता येते, असं मी वाचलं होतं. मुलगी म्हणाली, दिवाळीला आले की करून देते. मुदत तर त्याच्या कितीतरी आधी संपत होती. मग मी स्वतःच बसले. पहिल्यांदा फाईल उतरली, पण कुठे गेली ते सापडेना. मग सापडली, पण उघडली तर नुसते कंस आणि इंग्रजी अक्षरं. मला रडू यायचं बाकी होतं. दुसरा रीडर निवडला तो ती फाईल घेईना. मी त्या यंत्राला माहेरच्या भाषेत चार शिव्या दिल्या. तिसऱ्याने घेतली. डावीकडे एकेक नाव उमटायला लागलं. बोलके, गप्प, चिक्कू, सगळे आले. शेवटी मास्तरही आले. मी खिडकीशी जाऊन खाली रस्त्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "घ्या!" कुणाला म्हटलं ते मलाही माहीत नाही. पंक्चरवाल्याने मान वर करून पाहिलं.

त्यानंतरची गोष्ट बाबांच्या डोळ्यांची. साखरेने त्यांची नजर हळूहळू उतरत गेली. उपचार झाले, थोडं दिसायचं, पण पेपरची अक्षरं लागेनात. पेपर तरीही आधी त्यांच्याच हातात जायचा. ते अंगठा लावून पानं उलटायचे, फोटो ओळखायचा प्रयत्न करायचे. गिऱ्हाइकांना म्हणायचे, वाच रे जरा. गिऱ्हाइकं मथळे वाचायची आणि सिमेंट घेऊन जायची. नवऱ्याला दुकानातून वेळ नव्हता. अखेर त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, दुपारच्याला पेपर वाचून दाखवशील?"

"दाखवेन. पन माजं वाचून झाल्यावर."

मला त्यांची दया येत होती. तरी मी हेच म्हटलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. दया आली म्हणून मी माझी दुपार दिली असती तर ती परत कधीच मिळाली नसती. त्या घराला मी चांगलीच ओळखून होते.

बाबा रुसले. काही दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. मग एका दुपारी भिंतीला हात लावत जिना चढून वर आले आणि माझ्या मागे पलंगावर बसले. मी वाचत होते. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं. मला मास्तरांच्या एका वाक्याला हसू फुटलं.

"काय हसतेस?"

"वाचून होऊ द्या. मंग सांगते."

ते थांबले. पेपरसाठी रांगेत थांबायची सवय त्यांना नव्हती. पलंग सारखा कुरकुरत होता. वाचून झाल्यावर मी त्यांना फणसाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आणि माझ्या लक्षात आलं की मी कुठल्या माणसाला ही गोष्ट सांगते आहे. बाबांचं अर्धं आयुष्य बांध, कुंपण आणि मोजणीत गेलेलं. ते पुढे सरकून बसले.

"बुंदा त्याच्या जमिनीत हाय ना? मंग झाड त्याचं. इषय संपला."

"आनि फांद्या? सावली कुनाच्या अंगनात पडते?"

"सावलीचा सातबारा असतो काय?"

आम्ही चहा होईपर्यंत भांडलो. ते शेजाऱ्याच्या बाजूचे, मी मास्तरांच्या. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. माझं वाचून होईस्तोवर गप्प बसायला शिकले, कुरकुरत का होईना. मग मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे आणि ते विचारायचे, "फनसाचं काय?" मी सांगायचे, मास्तरांनी अजून लिहिलं नाही. लिहिलं की आपोआप येईल, शोधायला जावं लागत नाही. त्यांना हे पटायचं नाही. त्यांना वाटायचं मी लपवते आहे.

मास्तर तर गप्पच झाले होते. त्यांच्या शेवटच्या मजकुरात शेजाऱ्याने करवतवाल्याला बोलावलं होतं. त्यापुढे काही नाही. पावसाळा गेला, थंडी गेली. नाव बारीकच. सुकटीच्या कागदासारखा हाही शेवट फाटला की काय, असं मला वाटायला लागलं. बाबा रोज विचारायचे. नंतर नंतर मला त्या प्रश्नाची भीती वाटायची.

मग फणस पिकायचे दिवस आले. एका दुपारी मी खाली कोथिंबीर घ्यायला गेले होते. परत येताना जिन्यातच नवऱ्याचा आवाज ऐकू आला. तो जेवायला वर आला होता. त्याच्या फोनवर कुठल्याशा ग्रुपमध्ये कुणीतरी मास्तरांचं नवं लिखाण पुढे ढकललं होतं.

"बाबा, तुमच्या त्या फणसाचं आलंय बघा. वाचू का?"

मी जिन्यात थांबले. इतकी वर्षं भांडून, पासवर्ड घालून, फाईल चढवून, गोष्टीचा शेवट पुन्हा दुसऱ्याच्या तोंडूनच कळणार होता. धावत जाऊन फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. आणि घेतलाही असता.

वरून बाबांचा आवाज आला.

"तिचं झालं का?"

"कोणाचं?"

"तिचं. तिनं वाचलं काय पयलं?"

"ती खाली गेलीय. तोवर मी तुमाला..."

"ठेव त्यो फोन. तिचं होऊ दे."

मी वर आले. नवरा फोन उलटा धरून उभा होता, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा. बाबा पलंगावर हाताची घडी घालून बसले होते, तोंड कॉम्प्युटरकडे. माझे डोळे भरले होते, पण मला ते त्यांना दाखवायचे नव्हते. मी कोथिंबीर ओट्यावर ठेवली, हात धुतले, खुर्ची ओढली. डावीकडे मास्तरांचं नाव ठळक झालं होतं.

फणस उभा होता. शेजाऱ्याने भिंत झाडापाशी वळवून घेतली होती. हे मला दुसऱ्याच परिच्छेदात कळलं. पण मी लगेच सांगितलं नाही. मागे पलंग कुरकुरला, थांबला, पुन्हा कुरकुरला. मी सावकाश शेवटपर्यंत वाचलं, आणि मग पान वर सरकवून पुन्हा एकदा पहिल्यापासून.